खेफे दे पोलिसिआ, ता. चाकूर

आमच्या पीजीमध्ये तिला कुणी नावाने हाक मारत नाही. ती 'चाकूर'. पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंनी गाव विचारलं आणि फ्रीजमधल्या तिच्या डब्यावर मार्करने तेच लिहून टाकलं. तेव्हापासून "चाकूर, गॅस बंद कर", "चाकूर, वाय-फायचा पासवर्ड काय गं?" असं चालू आहे. हे चाकूर नक्की आहे कुठे, असं कुणी विचारलं की ती रेकॉर्ड लावल्यासारखी सांगते, "लातूरहून नांदेडकडे निघालं की लागतं. तालुक्याचं गाव आहे हो, खेडं नाही." खरं तर तिचं गाव चाकूरच्याही सात-आठ किलोमीटर आत. पण पुण्यात एवढं डिटेल ऐकायला वेळ कुणाला आहे? मग समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे ते शिवराज पाटील चाकूरकर?" हो, तेच. १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष, २००४ ते २००८ देशाचे गृहमंत्री. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर या आमच्या चाकूरला २०२५ च्या सुरुवातीला स्पेनमधल्या एका विद्यापीठात मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळाली. विषय, पाण्याचं व्यवस्थापन. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय? त्या वेळी ही नववीत होती आणि लातूरला मावशीकडे घागरी घेऊन रांगेत उभी राहायची. असा विषय निवडायला अजून वेगळं कारण लागत नाही.

अ‍ॅडमिशन मिळाली, पण फीचा आकडा बघून पीजीतल्या आम्ही सगळ्याजणी गप्प झालो. विद्यापीठाची फी-सवलत होती. त्यासाठी घरच्या उत्पन्नाचे कागद हवे होते, स्पॅनिशमध्ये. पहिल्या टप्प्यात साधं भाषांतर चालेल, व्हिसाच्या वेळी मात्र अधिकृत शपथबद्ध भाषांतरकाराचा शिक्का, असं त्यांनी कळवलं होतं. आणि पीजीत स्पॅनिश येणारी एकच. अस्मादिक. बाणेरच्या एका ऑफिसात मेक्सिकन क्लायंटची बिलं तपासणे हा आमचा धंदा, आणि कार्डावर डेसिग्नेशन 'सीनियर असोसिएट, लँग्वेज'. मी म्हटलं, "टेन्शन मत ले. एका मिसळीवर काम करून देते."

कागद तीन. तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि तहसील कार्यालयाचं चार ओळींचं पत्र: अमुक इसम अमुक सज्जात कोतवाल या पदावर मानधनावर कार्यरत आहेत. बस. वर लेटरहेड, खाली गोल शिक्का.

नाइट शिफ्ट संपवून आले होते. रात्रीचे दोन वाजलेले, एका हातात चहा. आता प्रामाणिकपणे सांगा, अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? तेच मी केलं. मराठीचं इंग्रजी केलं आणि इंग्रजी ऑनलाइन ट्रान्सलेटरमध्ये टाकलं. पहिलाच झटका लेटरहेडवर. 'कलेक्टर ऑफिस'चं त्याने केलं 'ओफिसिना देल कोलेक्सिओनिस्ता'. कोलेक्सिओनिस्ता म्हणजे छंद म्हणून गोळा करणारा. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी वगैरे. लातूरचे जिल्हाधिकारी काड्यापेट्यांची लेबलं चिकटवत बसलेत, असं चित्र डोळ्यासमोर आलं आणि मी एकटीच खिदळले. तो शब्द बदलला. तहसीलदाराचं 'कर वसूल करणारा' झालं होतं. शब्दशः बरोबर, म्हणून ठेवलं. कोतवालापाशी आल्यावर मशीन म्हणालं 'खेफे दे पोलिसिआ'. पोलीसप्रमुख. माझ्या डोक्यात घाशीराम कोतवाल होताच. मोल्सवर्थचा जुना कोशही उघडून पाहिला. तोही हेच सांगतो, शहराच्या पोलिसांचा मुख्य. दोन साक्षीदार मिळाले, झाली खात्री. पीडीएफ केली आणि पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. स्पॅनिश ऑफिसातल्या मेल फार गोड असतात. 'आदरणीय' म्हणून सुरुवात करतात आणि स्नेहपूर्वक सलाम करून संपवतात. मधल्या दोन ओळींत मात्र त्या बाईंनी आमची चंपी केली होती. अर्जदाराचे वडील पोलीसप्रमुख आहेत. त्यांचं पूर्ण वर्षाचं उत्पन्न युरोत दोन हजारांच्या आसपास दिसतं. कृपया कुटुंबाचं सर्व उत्पन्न जाहीर केलं आहे का, हे पंधरा दिवसांत कळवावं. अन्यथा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

साध्या मराठीत सांगायचं तर, पोरगी खोटं बोलतेय असा संशय.

चाकूरने मेल दोनदा वाचली आणि काही न बोलता बाबांना फोन लावला. स्पीकरवर. मी जमिनीत घुसायची जागा शोधत होते. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून आधी हसू आलं. "आगं, मी कव्हा झालो गं पोलिसाचा साहेब?" मग म्हणाले, चाकूरला बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर आहे आणि देशाच्या पोलिसांचा साहेबही एकदा चाकूरचाच होता, तर आता तिसरे आपण! आम्हीही हसलो. आणि मग आवाज एकदम उतरला. "पर तेवढं खोडा माय. उगं कुणी म्हणील, पोरीनं बाप मोठा करून दावला."

हे वाक्य मला त्या मेलपेक्षा जास्त लागलं.

म्हटलं, काका, तुम्ही नेमकं काय करता ते सांगाल? सकाळपासून सांगा. त्यांनी सांगितलं. सकाळी तलाठी अप्पाच्या कार्यालयाचं कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं. नोटिसा घरोघरी बजावायच्या, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आणायचा. साहेब येणार असले, ग्रामसभा असली, पाणी सुटणार नसलं तर गावात दवंडी द्यायची. शेतसाऱ्याच्या वसुलीला अप्पाच्या मागे फिरायचं. इलेक्शन आलं की मतदान केंद्रावर आधी पोचायचं आणि शेवटी निघायचं. पंचनामा असला की टेप धरायची. २०१४ च्या गारपिटीत दहा-बारा दिवस शेताशेतातून हिंडले होते. ज्यांचं गेलं त्यांच्या याद्या झाल्या, पैसेही आले. "आमचं बी शेत गेलतं, पर टेप मीच धरलेली, मग सोताचं शेवटी मोजलं." कुणी बेवारस मेलं तर पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ बसून राहायचं. रात्री सुद्धा.

आता सांगा, याला एक शब्द द्या. स्पॅनिशमध्ये.

गंमत म्हणजे कोतवाल हा शब्द मुळात खरंच मोठा आहे. कोट सांभाळणारा, तो कोतवाल. मोगलांच्या शहरात कोतवाल म्हणजे बाजार, तुरुंग, पहारा, सगळ्यांचा बाप. १८५७ च्या आधी दिल्लीचे कोतवाल होते गंगाधर नेहरू, म्हणजे जवाहरलाल नेहरूंचे आजोबा. पुण्यातल्या घाशीरामाला १७९१ मध्ये लोकांनी दगडांनी ठेचून मारलं, तेही त्याच्या हातातल्या सत्तेमुळेच. १९७२ मध्ये तेंडुलकरांचं नाटक आलं आणि शब्द आपल्या डोक्यात कायमचा फिट झाला. पण शब्द शहरातून खेड्यात गेला, तेव्हा वाटेत त्याचा पगार कापला गेला. गावातली ही कामं पूर्वी जन्माने ठरायची. येसकर, तराळ अशी नावं होती, आणि ती कुणाच्या वाट्याला यायची हे मी सांगायला नको. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा तेव्हाच्या मुंबई राज्यात १९५८ साली झाला. वतन गेलं, काम राहिलं, आणि त्या कामाला जे नाव मिळालं ते दिल्ली-पुण्याच्या साहेबाचं. कोतवाल. नाव भरजरी, काम तेच.

चाकूरच्या मुलखाला तर साहेबांची नावं बदलताना बघायची सवयच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिलाबंदी केली, आणि जिल्ह्याचा मुख्य झाला अव्वल तालुकदार. त्याच्या खाली दुय्यम तालुकदार, त्याच्या खाली सोयम. म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. नंबर टाकून मोकळे! एचआरवाल्यांनो, शिका काहीतरी. त्याच काळात तिकडे अवधमध्ये तालुकदार म्हणजे चक्क बडा जमीनदार. एकच शब्द, एकीकडे नोकर आणि दुसरीकडे मालक. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. अव्वल तालुकदाराची खुर्ची आता जिल्हाधिकाऱ्याची. मग 'अव्वल' गेला कुठे? कुठेच नाही. कुठल्याही तहसील कचेरीत जा, तिथे अगदी अलीकडेपर्यंत 'अव्वल कारकून' बसायचा. शेजारी नायब तहसीलदार. नायब आणि नवाब हे एकाच अरबी शब्दाचे चुलतभाऊ, हे त्या साहेबांना सांगून बघा, दाखला लवकर मिळेल.

आपल्याकडे हा उद्योग नवा नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. साडेतीनशे वर्षं झाली, मंत्रालयात अजून सचिव बसतात. आणि ज्यांना हटवलं ते फारसी शब्द कुठे गेले? आडनावांत. मुजुमदार, चिटणीस, फडणीस तुमच्याच फ्लोअरवर बसलेले असतील. पुढे १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, दोन वर्षांत त्यांचा पदनामकोश आला. त्या वेळी त्याची 'बदनाम कोश' म्हणून यथेच्छ टिंगल झाली. आज आपण संचालक, आयुक्त, अधीक्षक, अभियंता म्हणताना जिभेला जराही त्रास होत नाही. मला विचाराल तर 'जिल्हाधिकारी' हे सगळ्यांत हुशार भाषांतर आहे. कलेक्टर काय कलेक्ट करतो, या भानगडीतच तो शब्द पडत नाही. जिल्हा, आणि त्याचा अधिकारी. हे जर मशीनला जमलं असतं, तर आमचे साहेब काड्यापेट्या गोळा करत बसले नसते.

असो. पंधरा दिवसांतले चार गेले होते आणि माझ्याकडे शब्द नव्हता.

शेवटी माझ्या जुन्या स्पॅनिशच्या बाईंना फोन केला. डेक्कनला राहतात, तरुणपणी दोन वर्षं स्पेनमध्ये कास्तियाच्या एका खेड्यात काढलेली. मी विचारलं, "बाई, कोतवालाला काय म्हणू?" त्यांनी उलट विचारलं, "त्याला काय म्हणतात ते सोड. तो सकाळी उठून काय करतो?" मी काकांची यादी वाचून दाखवली. कुलूप, झाडू, नोटिसा, दवंडी... दवंडीपाशी त्यांनी मला थांबवलं. "अगं, हा तर आल्ग्वासिल!"

त्यांच्या त्या खेड्यात होता म्हणे एक. ग्रामपंचायतीचं कुलूप उघडायचा, नोटिसा वाटायचा, आणि काही जाहीर करायचं असलं की चौकात उभं राहून छोटी पितळी तुतारी फुंकायचा. मग खड्या आवाजात, आज मासेवाला आलाय, उद्या पाणी बंद. सेम टु सेम! फक्त तुतारीऐवजी आपल्याकडे हलगी. मोठ्या शहरांत हाच शब्द कोर्टाच्या बेलिफाला लावतात, आणि बैलांच्या झुंजीच्या आधी घोड्यावर बसून मैदानात फेरी मारणाऱ्यांचं नाव त्याचंच धाकटं रूप. पण गावातला आल्ग्वासिल म्हणजे गावातला कोतवाल. पोलीसप्रमुखाशी त्याचा संबंध एवढाच की साहेब आले तर तो खुर्ची मांडतो.

बाईंनी दुसरा रस्ताही सांगितला. शब्द तसाच ठेवायचा, 'कोतवाल', आणि खाली टीप द्यायची. व्यावसायिक भाषांतरकार पुष्कळदा हेच करतात आणि ते योग्यही आहे. अडचण अशी की ऑनलाइन फॉर्ममधल्या 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात टीप मावत नव्हती. तिथे शब्दच पाहिजे होता.

मग मी स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला, आणि त्या रात्री झोपच उडाली. आल्ग्वासिल कुठून आला? अरबीतल्या 'अल-वझीर'वरून. वजीर, बॉस! ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमी-जास्त भागावर अरबी बोलणारी राज्यं होती. राज्यं गेली, कचेरीतले शब्द राहिले. राजाचा वजीर घसरत घसरत खेड्यातला दवंडीवाला झाला. आमचा कोटाचा रखवालदार घसरत घसरत झाडू मारायला लागला. एक शब्द भूमध्य समुद्राच्या काठाने गेला, दुसरा मांजरा नदीच्या, आणि दोघे खाली येऊन एकाच पायरीवर बसले.

एकदा चटक लागली की थांबवत नाही. स्पेनमधला मेयर म्हणजे 'अल्काल्दे'. हे मुळात 'अल-काझी'. आपल्याकडे काझी निकाह लावतात आणि आडनावात राहतात, तिकडे ते नगराध्यक्ष झाले. कस्टम्सचं ऑफिस म्हणजे 'आदुआना', म्हणजे आपला दिवाण, ज्याचं दिवाणी कोर्ट असतं आणि ज्याच्यावर दुपारी आडवं पडता येतं. जुन्या काळच्या राजाचा कर गोळा करणारा 'आल्मोखारिफे', म्हणजे 'अल-मुश्रिफ'. मुश्रीफ आडनावाची माणसं तुमच्या ओळखीची असतील. निजामाच्या कचेरीतला मुन्शी आणि स्पेनच्या राजाचा कारकून एका टेबलावर बसले असते, तर अर्ध्या पाट्या त्यांना दुभाष्याशिवाय वाचता आल्या असत्या.

आणि मुकादम! ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम चाकूरच्या पोरीला सांगावा लागत नाही. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादम उचल देतो आणि मग सीझनभर ती उचल फिटत नाही. हाच 'अल-मुकद्दम' जुन्या स्पॅनिशमध्ये 'आल्मोकादेन' होता, पायदळाच्या तुकडीचा नायक. आज तो शब्द तिथे कुणी वापरत नाही. आज शेतावरच्या मुकादमाला 'कापाताथ' म्हणतात. पण मुकादमाचं भाषांतर कापाताथ केलं, तर उचल कुठे गेली? कापाताथ काम करून घेतो. मुकादम काम करून घेतो, कर्ज देतो, कारखान्याकडून कमिशन घेतो आणि टोळीतलं कुणी पळालं तर त्याच्या घरीही जाऊन बसतो. ते सगळं एका शब्दात बसत नाही, म्हणून मी तिथे बिनधास्त टीप टाकेन.

मिस्त्रीचं मात्र सोपं. आपला मिस्त्री मुळात पोर्तुगीज 'मेस्त्रे'. पगारही त्यांचाच. स्पॅनिशमध्ये तोच 'माएस्त्रो'. आणि गवंड्याला माएस्त्रो म्हणायची पद्धत तिकडेही आहे, म्हणजे भाषांतर करायला काही उरतच नाही. आमच्या सोसायटीत लीकेज काढायला येणाऱ्या मिस्त्रीकाकांना मी हल्ली माएस्त्रो म्हणते. ते "हां मॅडम" म्हणतात.

आता जरा आपल्याकडे वळू. सुपरवायझर हा शब्द स्पॅनिशमध्येही तसाच, 'सुपेरविसोर'. दिसतो सरळ. पण माझ्या मेक्सिकन क्लायंटकडच्या फॅक्टरीत सुपेरविसोर शिफ्ट बंद करू शकतो, आणि आमच्या ऑफिसातल्या सुपरवायझरला एसीचं टेंपरेचर बदलायला अ‍ॅडमिनला मेल टाकावी लागते. 'एक्झिक्युटिव्ह'ची गोष्ट तर विचारूच नका. आपल्याकडे कॉलेजमधून काल बाहेर पडलेला पोरगाही सेल्स एक्झिक्युटिव्ह. त्याचं 'एखेकुतिवो' केलं की मेक्सिकोतले लोक त्याच्यासाठी विमानतळावर गाडी पाठवतात. मागे एकदा पाठवली होती. आमचा ज्युनियर टाय लावून त्या गाडीत बसला आणि मीटिंगमध्ये त्याला थेट विचारलं, "डिस्काउंट किती देताय?" बिचाऱ्याला स्वतःच्या रजेवर सही करायचा अधिकार नव्हता. तेव्हापासून मी क्लायंटला पाठवायच्या यादीत डेसिग्नेशनच्या शेजारी एक रकाना टाकते: हा कशावर सही करू शकतो? मॅनेजरने विचारलं, "याची गरज आहे का?" मी म्हटलं, सर, तुमच्या रकान्यात मी काय लिहू? तो अजून रिकामा आहे.

तर कोतवाल. 'आल्ग्वासिल' लिहिलं. सोबत खुलासा जोडला: आधीच्या भाषांतरातला 'पोलीसप्रमुख' ही भाषांतरकाराची चूक आहे, अर्जदाराची नाही. या पदाला पोलिसी अधिकार नाहीत. नियमित वेतनश्रेणी नाही, मानधन आहे. कामांची यादी काकांनी सांगितली तशी, फक्त प्रेताजवळ बसण्याचं वाक्य लिहू की नको यावर आम्ही अर्धा तास घातला. चाकूर म्हणाली, लिही. लिहिलं.

त्यांनी खुलासा घेतला, पण म्हणाले, तहसीलचं नवीन पत्र द्या, ताज्या तारखेचं. काका कचेरीत गेले, पत्र आणलं, फोटो पाठवला. आणि आम्ही दोघी डोक्याला हात लावून बसलो. पत्रात कोतवाल हा शब्दच नव्हता! 'महसूल सेवक' होतं. २०२५ मध्येच सरकारने कोतवालाचं पदनाम बदलून महसूल सेवक केलं, आणि ते नेमकं आमच्या पंधरा दिवसांच्या आसपास कचेरीत पोचलेलं. त्याआधी २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला होता, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. म्हणजे गावात ज्याच्या हाताखाली काम करायचे तो तलाठी अप्पा 'अधिकारी' झाला आणि काका 'सेवक'. एकाच कचेरीत एकाला शिडी, दुसऱ्याला... जाऊ दे.

मशीनला गंमत म्हणून विचारलं. 'सेर्विदोर दे इंग्रेसोस'. सेर्विदोर म्हणजे सेवक, आणि कॉम्प्युटरचा सर्व्हरसुद्धा. इंग्रेसोस म्हणजे मिळकत. विद्यापीठातल्या त्या बाईंच्या टेबलावर आता एकाच माणसाचे तीन कागद जाणार होते: पोलीसप्रमुख, दवंडीवाला आणि मिळकतीचा सर्व्हर. सवलत सोडा, त्यांनी इंटरपोलला कळवलं असतं.

काकांना विचारलं, नवीन नाव कसं वाटतं? "कोतवाल म्हणलं तर मानूस निदान वळून बघत व्हतं," ते म्हणाले. "आता म्हणतेत सेवक. इतकी वर्सं आम्ही चतुर्थ श्रेणी मागायलोत. नाव दिलं." मग लगेच, "पर गावात कुणी म्हणत न्हाई हो. गावात मी कोतवालच."

शेवटी स्पॅनिशमध्ये पुन्हा 'आल्ग्वासिल'च ठेवलं आणि खाली ओळ टाकली की पदाचं मराठी नाव याच वर्षी बदललं आहे, काम आणि माणूस तोच आहे. नाव मूळचं ठेवा म्हणणाऱ्या बाईंनाही ते पटलं. जूनमध्ये उत्तर आलं. निम्मी फी माफ. पूर्ण नाही. उरलेल्याचं कर्ज काढून ती सप्टेंबरमध्ये गेली. फ्रीजमधला तिचा डबा आता मी वापरते. मार्करचं 'चाकूर' काही केल्या निघत नाही, आणि नवीन आलेली मुलगी मलाच चाकूर समजते.

जायच्या आदल्या रविवारी काकांचा फोन आला होता, पोरीच्या तिकिटाबद्दल. त्यांना म्हटलं, काका, एक सांगायचं राहिलं. तुमच्या पदाला स्पेनमध्ये जे नाव आहे ना, ते वजिरावरून आलंय. राजाच्या वजिरावरून. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता.

"वजीर ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "त्या तिकडल्या कोतवालाला पेन्शन हाय का, तेवढं विचारा."

विचारून सांगते, म्हटलं.